जुन्या कस्टम बाइकला स्पीडोमीटर बसवायचाय? आधी फेऱ्या मोजा, डायल नंतर बघा

जुनी बाइक घेतली, मागची फ्रेम कापून छोटी केली, हॅंडल बदललं, पुढचा सगळा पसारा काढून नुसता हेडलाइट ठेवला, आणि गाडी खरंच देखणी झाली. मग एक दिवस मोकळ्या रस्त्याला लागलो की लक्षात येतं, आपण ५० ने चाललोय की ७० ने हे सांगणारं गाडीवर काहीच उरलेलं नाही. इंजिनच्या आवाजावरून अंदाज येतो म्हणणारे खूप भेटतात, पण तो अंदाज चढावर वेगळा, वारा समोरून असला की वेगळा आणि सायलेन्सर बदलला की आणखीनच वेगळा. वेगमर्यादा पाळायची, पेट्रोल किती किमीला संपतं ते कळायला हवं, ऑइल कधी बदलायचं ते ठरवायचं, तर मीटर पाहिजेच. माझं तर म्हणणं आहे की मीटर नसलेली गाडी पूर्ण झालेलीच नाही.

पण इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीही पहिल्या गाडीच्या वेळी केली. आधी सुंदरसा गोल डायल आवडतो, तो घेऊन येतो, मग तो गाडीला जोडायचा कसा याचा विचार सुरू होतो. हे उलटं आहे. कारण कुठलाही स्पीडोमीटर (जीपीएसवाला सोडला तर) वेग मोजतच नाही, तो फक्त फेऱ्या मोजतो. चाक किती वेळा फिरलं, किंवा केबल किती वेळा फिरली, किंवा चेनचं पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातांचं चाक) किती वेळा फिरलं, एवढंच त्याला कळतं. एका फेरीत गाडी किती पुढे जाते हे त्याला आपण सांगायचं असतं, नाहीतर बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हे ठरवलेलं आणि तुमच्या गाडीचं खरं गणित जुळलं तर मीटर बरोबर, नाही जुळलं तर कितीही भारी मीटर आणा तो आयुष्यभर चुकीचंच दाखवणार. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी जुना केबलवाला मीटर आतून कसा चालतो ते बघू, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, एक छोटा गिअर असतो ज्याला आपल्याकडे मेकॅनिक मीटर वर्म म्हणतात, चाक फिरलं की तो फिरतो आणि त्याच्यात अडकवलेली केबलची आतली तार फिरते. ही तार वर मीटरमध्ये जाऊन एक गोल चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते, दोघं एकमेकांना शिवत नाहीत. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण चुंबक जवळून फिरत राहिला की त्या धातूत बारीक बारीक विजेचे भोवरे तयार होतात आणि त्या भोवऱ्यांमुळे वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. वाटीला काटा जोडलेला, आणि काट्याला घड्याळातल्यासारखी केसाएवढी बारीक स्प्रिंग, जी वाटीला मागे खेचते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त, आणि स्प्रिंगच्या खेचण्याशी ती जिथे बरोबरीला येते तिथे काटा थांबतो. १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मन माणसानं याचं पेटंट घेतलं आणि शंभरेक वर्षं जगभरातल्या गाड्या याच युक्तीवर वेग दाखवत राहिल्या. मला ही कल्पना आजही फार आवडते, बॅटरी नाही, वायर नाही, आणि तरी काम चोख.

आणि त्याच मीटरमधले किमीचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत, ते केबलला थेट गिअरनं जोडलेले असतात. म्हणजे काटा ओढीवर चालतो आणि किमी दातांवर चालतात. हे लक्षात ठेवा, कारण बिघाड शोधताना याचा प्रचंड उपयोग होतो. किमी बरोबर मोजले जातायत पण काटा चुकतोय, तर दोष मीटरच्या आत आहे, चुंबक कमजोर झालाय किंवा स्प्रिंग थकली किंवा काटा कुणीतरी चुकीच्या जागी दाबून बसवलाय. आणि काटा व किमी दोन्ही सारख्याच टक्क्यानं चुकतायत, तर मीटर बिचारा चांगला आहे, फेऱ्यांचं गणितच जुळत नाहीये. असा चांगला मीटर उघडून खराब केलेला मी पाहिलाय, फार वाईट वाटलं होतं.

आता ते गणित. घाबरू नका, एकदा कळलं की कायमचं. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला बरोबर १ किमी, म्हणजे मिनिटाला १००० मीटर. त्यामुळे केबल एका मीटर अंतरात किती फिरते हा आकडा धरा आणि त्याला १००० नं गुणा, झालं, ६० च्या वेगाला केबल मिनिटाला किती फेऱ्या मारते ते मिळालं. जपानी गाड्यांमध्ये साधारणपणे एक मीटर अंतरामागे १.४ फेऱ्या असतात, म्हणजे ६० ला १४०० फेऱ्या. जुन्या बीएमडब्ल्यूच्या डायलवर बारीक अक्षरात डब्ल्यू आणि पुढे ०.७७३ असे आकडे छापलेले असतात, ते हेच, एका मीटरला केबलच्या ०.७७३ फेऱ्या. ब्रिटिश गाड्यांवरच्या स्मिथ्स कंपनीच्या जुन्या चुंबकवाल्या मीटरवर १६०० लिहिलेलं दिसतं, ते मैलामागे आहे, मैल म्हणजे १६०९ मीटर, म्हणजे साधारण एक मीटर अंतराला १ फेरी. आणि काही अमेरिकन पद्धतीच्या छोट्या डायलवर २२४०:६० असतं, म्हणजे ताशी ६० मैलाला मिनिटाला २२४० फेऱ्या. हा आकडा बघून वाटतं की काहीतरी भलतंच आहे, पण ६० मैलाला मिनिटाला १६०९ मीटर जातात, भागून बघा, १.३९ येतं, म्हणजे ते जपानी १.४ च झालं की. नुसतं १:१ किंवा २:१ लिहिलेला डायल मात्र तसाच घेऊ नका, ६० ला किती फेऱ्या हे आकड्यात विचारून घ्या, कारण ते कशाच्या तुलनेत लिहिलंय हे डायलकडे बघून कळत नाही.

तुमच्या गाडीचा आकडा काढायला कुठलंही मशीन लागत नाही. मीटर केबल वरून, म्हणजे मीटरच्या बाजूनं, सोडवा. आतल्या तारेच्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा आणि गाडी सरळ रेषेत ढकला, एकजण ढकलेल आणि एकजण झेंड्याच्या फेऱ्या मोजेल, चाकाच्या बरोबर १० फेऱ्या होऊ द्या. मग जमिनीवर टेपनं अंतर मोजा. समजा अंतर २० मीटर भरलं आणि झेंडा २८ वेळा फिरला, तर २८ भागिले २० म्हणजे १.४, छान, जपानी हिशोबाचा मीटर चालेल. झेंडा २० वेळाच फिरला तर तुमच्या वर्मचा आकडा १ आहे आणि त्यावर १.४ वाला मीटर लावला तर खऱ्या ६० ला काटा ४३ दाखवेल. म्हणजे तुम्ही ६० समजून चालवाल तेव्हा गाडी खरी ८४ ने पळत असेल. हा गमतीचा विषय नाही, यात माणूस वळणावर पडतो. एक चाकाची फेरी न मोजता १० मोजायच्या याचं कारण एवढंच की मोजताना होणारी चूक दहांत वाटली जाते. आणि हो, ढकलताना गाडीवर कुणीतरी बसलेलं असेल तर उत्तम, वजनानं टायर थोडा दबतो आणि खरा घेर थोडा कमी होतो.

हा घेर म्हणजे कस्टम गाडीतला सगळ्यात मोठा घोटाळा, कारण कस्टम करताना पहिली गोष्ट बदलते ती चाकं. टायरच्या बाजूला लिहिलेल्या आकड्यांवरून घेर काढता येतो. १००/९०-१९ घ्या. रुंदी १०० मिमी, उंची तिच्या ९० टक्के म्हणजे ९० मिमी, ती वर आणि खाली दोन्हीकडे येते म्हणून १८०, आणि रिम १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी, एकूण ६६२.६, त्याला ३.१४ नं गुणलं की साधारण २०८० मिमी. त्या जागी चॉपरसारखं उंच ९०/९०-२१ चाक लावलं तर हाच हिशोब २१८५ मिमीवर जातो. घेर ५ टक्के वाढला, म्हणजे तेवढंच अंतर कापायला चाक कमी फिरतं, म्हणजे मीटर खऱ्या ६० ला ५७ दाखवतो. मीटर कमी दाखवणं हे जास्त दाखवण्यापेक्षा कितीतरी वाईट. युरोपसह बऱ्याच देशांत मानला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम ३९ आहे, त्यात मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं चालतच नाही, जास्त दाखवायलाही मर्यादा आहे, खऱ्या वेगाच्या १० टक्के आणि वर ४ किमी. म्हणजे खऱ्या ६० ला ६० ते ७० मध्ये काहीही चालेल पण ५९ नाही चालणार. म्हणूनच कंपनीचे मीटर मुद्दाम थोडे पुढे दाखवतात. आपणही घरी सेट करताना तोच नियम पाळावा, एखाद-दोन किमी पुढे दाखवलेलं बरं.

गिअरबॉक्सवरून केबल निघणाऱ्या गाड्या असतात तिथे आणखी एक गोष्ट येते. केबल पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टबरोबर फिरते, मागचं चाक मात्र चेननं फिरतं. आता कस्टम करताना बरेच जण पुढचं स्प्रॉकेट १६ दातांचं काढून १७ चं लावतात, हायवेला इंजिन निवांत चालावं म्हणून. शाफ्टची एक फेरी झाली की चाक आता आधीपेक्षा जास्त फिरतं, आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. १६ भागिले १७, खऱ्या ६० ला साडेछप्पन. गाडी वेगवान झाल्यासारखी वाटायला हवी आणि काटा उलट कमी दाखवतोय असं झालं की स्प्रॉकेटचे दात आधी मोजा.

केबल की इलेक्ट्रॉनिक? माझं उत्तर सरळ आहे. गाडीच्या पुढच्या हबमध्ये वर्म शाबूत असेल, आणि पुढचा शॉकअप-चाक मूळचंच असेल, तर केबलच लावा. तिला वीज नको, ती पावसात बंद पडत नाही, आणि बिघडली तर रस्त्यात डोळ्यांना दिसतं काय बिघडलंय. पण कस्टम गाडीला पुढचं चाक भलत्याच गाडीचं असतं, हबमध्ये वर्मची जागाच नसते, किंवा जुन्या पद्धतीचा गर्डर किंवा स्प्रिंगर फोर्क असतो. तिथे जबरदस्तीनं वर्म बसवण्याच्या नादी लागू नका, सेन्सरवर जा.

केबल लावताना तीनच गोष्टी जपायच्या. वर्मच्या आत एक चकती असते आणि तिला दोन कान असतात, ते हबच्या खाचेत बसले पाहिजेत, न बसवता एक्सल आवळला तर कान चिरडतात आणि मग चाक फिरतं पण मीटर गप्प. केबलला तीक्ष्ण वळण द्यायचं नाही, मोठ्या गोलाईनं न्यायची, आणि लांबी ठरवताना गाडीचं पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण ताणून आणि हॅंडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघायचं. तिसरं ग्रीसचं. आतली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती फिरताना स्क्रूसारखं काम करते आणि ग्रीस वर चढत चढत थेट मीटरमध्ये शिरतं, चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि काटा भलतीकडे जाऊन बसतो. म्हणून ग्रीस हलक्या हातानं लावायचं आणि मीटरकडचा वरचा वीतभर भाग कोरडाच ठेवायचा. काटा थरथरत असेल तर दहातल्या नऊ वेळा मीटर नाही, केबल वाकलेली किंवा कोरडी पडलेली असते.

फेऱ्यांचं गणित अजिबातच जुळत नसेल आणि तरी तुम्हाला तोच जुना मीटर हवा असेल, कारण तो गाडीबरोबर आलेला आहे आणि त्याच्याशी जीव जडलाय, तर मध्ये बसणारा छोटा गिअरबॉक्स मिळतो, एका बाजूनं केबल आत, दुसऱ्या बाजूनं बदललेल्या फेऱ्या बाहेर. तुमचा आकडा आणि मीटरचा आकडा दोन्ही माहीत असले तरच तो मागवता येतो. खासकरून स्मिथ्सचा जुना क्रोनोमेट्रिक मीटर असेल तर हा खटाटोप नक्की करा, तो चुंबकावर नाही, घड्याळासारख्या यंत्रावर चालतो, ठरावीक वेळात केबल किती फिरली ते मोजतो आणि काटा टप्प्याटप्प्यानं टकटक करत पुढे सरकतो. १९६० च्या दशकात गाड्यांवरून गेला तो, आणि चालू स्थितीतला बघायला मिळणं हा वेगळाच आनंद आहे.

आता सेन्सर. कल्पना तीच, फक्त तारेऐवजी विजेचे ठोके. चाकावर एक चुंबक लावायचा, शॉकअपच्या खालच्या नळीवर सेन्सर, चुंबक समोरून गेला की एक ठोका मीटरला जातो. मीटरच्या सेटिंगमध्ये दोन आकडे भरायचे असतात, चाकाचा घेर मिमीमध्ये आणि एका फेरीला किती ठोके. सेन्सर नेहमी चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या भागावर लावायचा, फ्रेमवर लावला तर प्रत्येक खड्ड्यात अंतर बदलेल. एक चुंबक पुरतो का? हिशोब करून बघू. २ मीटर घेराचं चाक ६० ला सेकंदाला ८ पेक्षा थोडं जास्त फिरतं, म्हणजे ८ ठोके, ठीक आहे. पण १० च्या वेगाला सेकंदाला जेमतेम १.४ ठोका, म्हणजे मीटरला दोन ठोक्यांमध्ये पाऊण सेकंद वाट बघावी लागते, तेवढ्यात तुम्ही ब्रेक दाबलेला असतो. म्हणून हळू वेगाला आकडा अडखळतो, शून्यावर यायला वेळ लावतो. चार किंवा सहा चुंबक लावले की हे खूप सुधारतं, फक्त ते गोलावर सारख्या अंतरानं लावायचे आणि सगळ्यांची एकच बाजू बाहेर ठेवायची, कारण बरेच हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे सेन्सर) चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतात. चुंबक लावून सगळं बरोबर असूनही मीटर शून्यच दाखवत असेल तर आधी चुंबक उलटा करून बघा.

चुंबक न लावताही होतं. लोखंड जवळ आलं की ओळखणारे सेन्सर मिळतात, ते डिस्कच्या बोल्टसमोर लावायचे, ५ बोल्ट असले तर फेरीला ५ ठोके. बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मात्र आधी सेन्सर हातात धरून खात्री करा, सेन्सर त्यांना कमी अंतरावरूनच ओळखतो. फट साधारण १ ते ३ मिमी ठेवायची, नेमकी किती ते सेन्सरच्या कागदावर असतं. ब्रॅकेट जाड पत्र्याचा करा, पातळ पत्रा थरथरून तुटतो आणि तुटलेला तुकडा पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. नटांना लॉकिंग लिक्विड लावा, मध्यम ताकदीचं. वायर ब्रेकच्या पाइपबरोबर न्या पण ढिली, शॉकअप पूर्ण दबला आणि पूर्ण ताणला तरी ओढली जायला नको.

पुढच्या चाकाला काहीच लावायचं नाही, गाडी स्वच्छ दिसली पाहिजे, असं असेल तर पुढच्या स्प्रॉकेटच्या बोल्टवरून ठोके घेता येतात, सगळं कव्हरच्या आत लपतं. गणित थोडं वाढतं एवढंच. मागचं स्प्रॉकेट ४८ दातांचं, पुढचं १६, म्हणजे चाकाच्या एका फेरीला पुढचं ३ वेळा फिरतं, त्याला २ बोल्ट असतील तर चाकाच्या फेरीला ६ ठोके. घेर मागच्या टायरचा भरायचा, पुढच्याचा नाही, इथे खूप जण चुकतात. आणि पुढे कधी चेनसेट बदललात तर सेटिंग पुन्हा करायचं.

वायरिंगमध्ये जुनी गाडी आपल्याला खरी ओळख दाखवते. नवे मीटर १२ व्होल्टचे आणि बॅटरीची ऋण बाजू बॉडीला, असं धरून बनवलेले असतात. तुमची गाडी जुनी असेल तर दोन्ही गृहीतकं चुकीची निघू शकतात. कितीतरी जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, तिथे ६ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावावा लागतो किंवा पूर्ण गाडी १२ वर न्यावी लागते. काही गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतो, त्या वायरवरून मीटरला वीज दिली तर मीटर गेलाच समजा. आणि जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला असते. तिथे मीटरची धातूची बॉडी आतून ऋण वायरला जोडलेली असेल आणि तुम्ही ती बोल्टनं हॅंडलला कसली तर थेट शॉर्ट. अशा गाडीत एक तर मीटर रबराच्या बुशमध्ये बॉडीपासून पूर्ण वेगळा ठेवायचा, किंवा गाडीची अर्थिंग उलटी करायची, पण त्यात रेक्टिफायर, डायनॅमो सगळं तपासावं लागतं, हे काम माहिती असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एवढं निस्तरलं की बाकी सोपं. मल्टिमीटर घेऊन गाडी रेस करून बॅटरीवर व्होल्टेज बघा, १२ व्होल्टच्या गाडीत ते साडेचौदाच्या फार वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) खराब आहे, आधी तो बदला, नाहीतर नवा मीटर जळेल आणि दोष मीटरवर जाईल. मीटरची मुख्य वायर किल्लीनंतरच्या लाइनवर द्या आणि १ ते ३ अँपिअरचा फ्यूज टाका, मीटरच्या कागदावर जो सांगितला असेल तो. बऱ्याच डिजिटल मीटरला आणखी एक वायर असते जी सरळ बॅटरीवर जाते, घड्याळ चालू राहावं किंवा सेटिंग लक्षात राहावं म्हणून, ती किल्लीवर जोडली तर काही मीटर दर वेळी सेटिंग विसरतात. उलट गाडी महिनोन्महिने उभी राहत असेल तर हीच वायर हळूहळू बॅटरी पितेय हे लक्षात असू द्या.

मीटर उभ्या गाडीत ४०-५० दाखवतोय, रेस केली की आकडे नाचतात, असं झालं तर सेन्सरला दोष देण्याआधी प्लगकडे बघा. जुन्या गाडीत साध्या तांब्याच्या तारेची प्लग वायर आणि विना रेझिस्टरचा कॅप असतो, प्रत्येक ठिणगीबरोबर तिथून रेडिओ स्टेशनसारख्या लहरी सुटतात आणि सेन्सरची वायर त्या पकडते, मीटरला वाटतं ठोके आले. ५ किलोओहमचा रेझिस्टरवाला प्लग कॅप लावला आणि सेन्सरची वायर इग्निशन कॉइलपासून लांबून नेली की बहुतेक वेळा गाडी शांत होते. नाहीच झाली तर जाळीवाली शील्डेड वायर वापरा आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करा.

आणखी एक त्रास हमखास येतो, इंडिकेटरचा. जुन्या गाडीत डाव्या-उजव्या दोन्हीसाठी मीटरवर एकच छोटा बल्ब असायचा, तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मध्ये जोडलेला. डावा चालू केला की करंट त्या बल्बमधून जाऊन उजव्या बाजूच्या मोठ्या बल्बमधून अर्थ व्हायचा, उजवा केला की उलट. साध्या बल्बला दिशेचं देणंघेणं नाही म्हणून हे चालायचं. नव्या मीटरमध्ये त्या जागी एलईडी असतो, तो एकाच दिशेनं पेटतो, त्यामुळे एका बाजूचा इंडिकेटर दिसतो आणि दुसऱ्याचा नाही. उपाय स्वस्त आहे, १एन४००७ नावाचे दोन डायोड घ्यायचे, एक डाव्या वायरवरून, एक उजव्या वायरवरून, दोघांची पट्टीवाली टोकं एकत्र करून एलईडीच्या धन बाजूला, आणि एलईडीची ऋण बाजू अर्थला. डायोड दारावरच्या रखवालदारासारखे, करंट आत सोडतात पण दुसऱ्या बाजूला परत जाऊ देत नाहीत, त्यामुळे चारी इंडिकेटर एकदम लागत नाहीत. मोठे इंडिकेटर पण एलईडी केले असतील तर जुना फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) एक तर भसाभस लुकलुकतो नाहीतर लुकलुकतच नाही, तोही एलईडीचा घ्यावा लागतो.

जीपीएस मीटर या सगळ्यातून सुटका करतो हे खरं आहे. सेन्सर नाही, घेर नाही, स्प्रॉकेट नाही, दोन वायरी दिल्या की झालं. उपग्रहांच्या सिग्नलची लहर तुमच्या हालचालीमुळे किती दाबली किंवा ताणली जाते यावरून तो वेग काढतो, आणि मोकळ्या रस्त्यावर सरळ एका वेगात चालताना तो चांगलाच अचूक असतो. पण किल्ली फिरवल्यावर उपग्रह सापडेपर्यंत तो रिकामा बसतो, बोगद्यात आंधळा होतो, आणि जोरात ब्रेक मारला की किंचित मागे राहतो. अँटेनाला आकाश दिसलं पाहिजे, स्टीलच्या हेडलाइटच्या आत लपवून चालत नाही. ज्या गाडीची चाकं वरचेवर बदलत राहणार आहात तिला जीपीएस घ्या, नाहीतर मी सेन्सरच घेईन.

मीटर कुठे लावायचा यात लोक फक्त दिसण्याचा विचार करतात. टाकीवर किंवा इंजिनच्या बाजूला लावलेला मीटर फोटोत फार छान दिसतो, पण तो बघायला मान खाली घालावी लागते आणि ६० ला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर गेलेली असते. हेडलाइटच्या वर, नजर जरा खाली नेली की दिसेल असा लावा. आणि मोठ्या सिंगल सिलिंडरची किंवा जुनी दोन सिलिंडरची गाडी असेल तर मधे रबर हवंच, इंजिनची थरथर काट्याची जागा हलवते, सोल्डर सोडवते.

सगळं लावून झालं की तपासणी. मोकळ्या सरळ रस्त्यावर काटा ६० वर स्थिर धरा आणि १ किमीला किती सेकंद लागले ते मागे बसलेल्याला मोजायला सांगा, ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की खरा वेग. ६० सेकंद लागले तर ६०, ६३ लागले तर ५७. किंवा मागे बसलेल्याच्या हातातल्या फोनवर जीपीएसचा वेग बघू दे, चालवणाऱ्यानं फोन बघायचा नाही. समजा मीटरमध्ये २००० मिमी भरलंय, मीटर ६३ दाखवतोय आणि खरा वेग ६० आहे, तर २००० गुणिले ६० भागिले ६३, म्हणजे १९०५ भरायचं. मला स्वतःला १९२० वगैरे ठेवायला आवडतं, म्हणजे मीटर किंचित पुढे राहतो. टायर झिजला की घेर आपोआप थोडा कमी होतो आणि मीटर आणखी पुढे दाखवतो, त्याची काळजी करू नका, पण नवीन टायर टाकल्यावर एकदा परत तपासा कारण तेव्हा तो मागे येतो.

पहिल्या दोन-तीनशे किमीनंतर सेन्सरची फट, ब्रॅकेटचे नट आणि मीटरमागची जोडणी एकदा हातानं हलवून बघा. जुना मीटर काढलात तेव्हा त्यावर किती किमी होते ते तारखेसकट फोटो काढून ठेवा, पुढे गाडी विकताना घेणाऱ्याला खरं सांगता येतं. आणि चाकाचा घेर, फेरीला किती ठोके, स्प्रॉकेटचे दात, कुठल्या रंगाची वायर कुठे गेली, हे सगळं एका कागदावर लिहून सीटखाली पिशवीत ठेवा, दोन वर्षांनी बॅटरी बदलताना मीटर सेटिंग विसरला की तुम्हालाच तो कागद लागणार आहे.